उरलेला पेंढा

माजिवड्याच्या ऑफिसात बसून मी एक मोठा हिशेब मांडत होते: देशभरातल्या शेतकचऱ्यातून वीज किती निघेल? भात किती पिकलं ते सरकारी तक्त्यांत मिळतं, त्यावरून पेंढा किती निघाला ते काढता येतं. गुरांनी खाल्लेला, छपरावर गेलेला, रोपांसाठी जमीन भाजताना राबात जाळलेला वजा करायचा. उरेल त्याची वीज. पण उरतो किती, हे कुणी मोजलेलंच नव्हतं. साहेब म्हणाले, "तिसरा हिस्सा धर ना, कोण विचारतंय!" अंदाजपंचे दाहोदरसे. मला राग आला. मी भातवाल्यांच्या घरातली, मला खरा आकडा एका फोनवर मिळेल, असा माज होता.

टिटवाळ्याच्या पुढे आमची थोडी भातशेती आणि एक म्हैस. बाबांना फोन लावला. "बाबा, आपला पेंढा उरतो किती?"

ते हसले. "आता तोंडानी काय सांगू? कापनी झाली का ये. दोगं मिलून वजन करू."

मी "येते" म्हणाले. माझ्या कॉम्प्युटरात नाही असं काहीतरी बाबांकडे होतं, आणि त्याचा त्यांना कोण आनंद! दर रविवारी फोन. "काटा आनून ठेवलाय." "झोडनी झाली, बाय." "पेंढा सुकला बघ." मी दर वेळी पुढचा रविवार सांगायचे. टिटवाळा काही परदेशात नाही. मी गेले नाही, एवढंच खरं.

अहवालाची तारीख आली तेव्हा मी मुकाट्याने साहेबांचा तिसरा हिस्सा धरला आणि खाली टीप टाकली: स्थानिक माहिती उपलब्ध नाही. पंधरा दिवसांत बाबा गेले. अंगणातच, हार्ट अटॅकने.

तेरावं झाल्यावर मी पडवीत गेले. पेंढ्याचे भारे नीट रचलेले, वर ताडपत्री, शेजारी खिळ्याला टांगलेला नवा काटा. मी एकेक भारा काट्याला लावून मोबाइलवर आकडे लिहायला लागले. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, तरी आत कुठेतरी बरंही वाटत होतं. अहवाल अजून छपाईला गेला नव्हता. बाबांचा आकडा घालता आला असता.

आई दारात येऊन उभी राहिली. "काय करतंस गो?"

"किती उरला ते मोजतेय."

"उरला कुठं? आपला पेंढा म्हशीला पुरत नाय, दर वर्षी शेजारून आनतो." ती भाऱ्यांकडे बघत राहिली. "या वर्षी बाबानं हातच लावू दिला नाय. पोर मोजायला येनार, बोलायचा. म्हशीला सगला बाहेरचा घातला."

मी लिहिलेले आकडे पुसले. आमच्याकडे काहीच उरत नाही, हे बाबांना फोनवर एका शब्दात सांगता आलं असतं. पण मग मी आले नसते, हे त्यांना माहीत होतं.

मी एक भारा सोडला आणि म्हशीपुढे टाकला.