दाऊदचाचांची बिनचुलीची पंगत

दाऊदचाचांच्या खाणावळीत मासा आधी गिऱ्हाइकाला दाखवला जाई, आणि तोही रीतसर. चाचा परातीत केळीच्या पानावर पापलेट निजवून आणत, टेबलाशी अदबीने उभे राहत आणि दोन बोटांनी त्याचा कल्ला उघडून त्या पापलेटालाच म्हणत, "ये गं बाय, पावण्यांना तोंड दाखव." गिऱ्हाइकाने वाकून लालभडक कल्ला बघायचा, 'पसंत' म्हणायचं, मगच परात चुलीकडे जायची. घाट चढायला गाडीला जादा इंजिन जोडेपर्यंत पोटात काही ढकलावं म्हणून धावत आलेला एखादा उतारू "अहो, बघायचं काय त्यात, तळा लवकर!" असं खेकसला की चाचा मासा आत नेत आणि त्याच्या हातात काकडी देऊन त्याला गाडीत बसवत.

चाचा जाऊन आता बरीच वर्षं झाली. कर्जत स्टेशनबाहेर त्यांची चार टेबलांची खाणावळ होती. घराणं मूळचं किनाऱ्यावरचं. भाताच्या मुलखात येऊन या माणसाने मासळी विकायला काढली, हे सगळ्या गावाला वेडेपणाचं वाटे. सकाळच्या गाडीने मुंबईहून मासळीचा हारा येई आणि पनवेलच्या खाडीतली जिवंत कालवं, शिंपल्यांसकट, ओल्या गोणपाटात गुंडाळून बैलगाडीने येत. हाऱ्यातल्या माशांचे कल्ले फिके दिसले की चाचा सगळा हारा मागच्या परसात पुरत. त्या दिवशी चूल पेटतच नसे. मग मिळे ती बिनचुलीची पंगत: डोंगराखालच्या कोंडाणे गावच्या ठाकर बायांनी आणलेली कोवळी काकडी, मुळा, पांढरा कांदा, कैरी घातलेली भिजवलेली डाळ, ओलं खोबरं आणि लिंबू पिळलेली कच्ची कालवं.

"जाळावर ठेवलं का काय पण गोड लागतं," चाचा म्हणत. "बिनजाळाचं गोड लागलं पायजे. तितं लबाडी चालत नाय."

मी तीन वर्षं तिथल्या मामलेदार कचेरीत कारकून होतो, बिऱ्हाडात एकटा, आणि खाण्याच्या बाबतीत अगदी निर्लज्ज. खरं सांगतो, मला ती बिनचुलीची पंगतच जास्त आवडायची. फिक्या कल्ल्यांचा हारा यावा म्हणून मी मनातल्या मनात देवाला विनवीत असे. आम्ही कायस्थ प्रभू, मासळीचं आम्हांला वावडं कसलं? पण मुसलमानाच्या हातचं खाणं त्या काळी चारचौघांत बोलायची गोष्ट नव्हती. अर्धी कचेरी तिथे जेवायची आणि एकमेकांना दिसली की 'जरा भाव विचारायला आलो होतो' म्हणायची. तोंडाला लिंबाचा वास येत असतानासुद्धा!

अशात एका रविवारी गिरगावातले नानासाहेब मला बघायला आले. त्यांच्या मालतीचं स्थळ मला सांगून आलं होतं. मी तिचा फोटो पाहिला होता आणि तेव्हापासून कचेरीतल्या अर्जांवर भलतेच शेरे मारत होतो. हे लग्न झालं नाही तर आपण संन्यास घ्यायचा, इथपर्यंत माझी तयारी झाली होती. नानासाहेबांना एका सोवळ्या खाणावळीत वरणभात खाऊ घालावा आणि सज्जन ठरावं, असा माझा बेत. पण तिकडची वाट नेमकी चाचांच्या दारावरून.

"कारकूनसाहेब!" चाचा पायरीवरून ओरडले. "कालवं अशी आलीत आज, का बोलू नका! लावू ताट?"

नानासाहेब थांबले. "तुम्ही इथं जेवता?"

"मी? छे! मी यांना ओळखतसुद्धा नाही."

चाचांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. ज्या माणसाने मामलेदारांनासुद्धा शिळा बांगडा ताजा म्हणून वाढला नव्हता, तो माझ्यासाठी उभ्याउभ्या खोटं बोलला.

"चुकी झाली साहेब. दुसरा एक कारकून हाय, आसाच दिसतोय."

"अरेरे!" म्हणत नानासाहेब चक्क पायऱ्या चढून आत जाऊन बसले. "मुंबईला या खाणावळीची कीर्ती ऐकून मी मुद्दाम जेवायच्या वेळेला आलो हो. म्हटलं, जावई कर्जतचा, जेवायला सोबत झाली. आणि तुम्ही तीन वर्षांत इथं पाऊल टाकलं नाहीत? आमची मालती खाण्यापिण्याची शौकीन आहे. कसं जमायचं तुमचं?"

माझ्या पायांखालची जमीन सरकली. "नानासाहेब, मी जेवतो इथं! रोज जेवतो!"

"त्यांचं ऐकू नका साहेब," चाचा ठामपणे म्हणाले. "लय सरळ माणूस हाय. वरणभातावर जगतोय."

"चाचा, अहो मी नेहमीचा!"

"आमी तुमाला कदी बगितलं नाय."

मी डोळे मिचकावले, हात जोडले. मी जितका काकुळतीला येई तितके चाचा मला वाचवायला निकराने खोटं बोलत. शेवटी मी गोणपाटाकडे धावलो, कालव उचललं, चाचांनीच शिकवल्याप्रमाणे बोथट सुरीचं टोक शिंपल्याच्या सांध्यात घालून मनगट फिरवलं. कालव टचकन उघडलं. लिंबू पिळून ते नानासाहेबांपुढे ठेवलं, मग दुसरं, मग तिसरं. नानासाहेबांनी पहिलं तोंडात टाकून डोळे मिटले.

"हे वरणभातवाल्याचं काम नव्हे," ते डोळे न उघडताच म्हणाले.

चाचांनी कपाळावर हात मारला. "आता माजा नाविलाज झाला. अंगटा बगा त्याचा साहेब, समद्या खुणा माज्याच सुरीच्या हायत!"

नानासाहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दुपारी आम्ही किती कालवं खाल्ली याची मोजदाद राहिली नाही. सासरे-जावई ठरायच्या आधीच आम्ही एका ताटातल्या शेवटच्या काकडीवरून भांडलो.

हात धुवायला मी परसात गेलो. चाचा तांब्याने पाणी घालत होते. हळूच म्हणाले, "येक इचारू? माजी लाज वाटली का तुमाला?"

इतका वेळ उकळत असलेलं माझं हसू जागीच विझलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हो," मी म्हणालो. "चुकलो, चाचा."

"बरं," ते म्हणाले आणि पंचा पुढे केला. "पोरीला तरी पयल्या बोलण्यात खरं सांगा."

पुढच्या रविवारी गिरगावात मुलगी बघायचा कार्यक्रम झाला. दिवाणखान्यात दोन्हीकडची वडीलधारी मंडळी दाटीवाटीने बसली होती. कोणीतरी म्हणालं, "मुलीला काही विचारायचं असेल तर विचारा."

"विचारायचं नाही, सांगायचं आहे," मी म्हणालो. आवाज चांगला खणखणीत लागला. "कर्जतला दाऊदचाचा म्हणून आहेत. मी रोज त्यांच्या हातचं जेवतो. लग्नानंतरही जेवणार. आणि लग्नात ते माझ्या शेजारी, पहिल्या पंगतीला बसतील."

माझे काका जागच्या जागी उठून उभे राहिले. नानासाहेब तेवढे छताकडे बघत मिशीत हसत होते.

मालतीने मान वर करून माझ्याकडे पहिल्यांदाच सरळ पाहिलं.

"तुम्ही रोज चाचांकडे जेवणार, आणि मी काय घरी बसायचं?" ती म्हणाली.