हुकूम उभ्यानं ऐकणारे आण्णा

आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, फोन कधी बसून घेत नसत. समोर ताट वाढलेलं असो की पायाला प्लास्टर असो, रिंग वाजली की हे उठून उभे. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन रहिमतपूरजवळच्या आमच्या गावी ऊस करू लागले, तरी ही खोड गेली नाही. क्रेडिट कार्ड विकणाऱ्या पोरीचा फोनसुद्धा त्यांनी ताठ उभं राहून ऐकला आणि उभ्यानंच नाकारला. मी हसले की म्हणायचे, "हुकूम बसून ऐकायचा नसतो, पोरी. आन् आला की आधी पाळायचा. तक्रार मागनं."

घरात हाच कायदा होता. शाळेत मास्तरांनी विनाकारण वर्गाबाहेर उभं केलं तरी आण्णा आधी विचारायचे, "उभी ऱ्हायलीस न्हवं? बास. आता सांग काय झालं." मग सगळं ऐकून घ्यायचे आणि शाळेत जाऊन कडाकडा भांडून यायचे.

त्यामुळे मेलबर्नला शिकत असताना व्हिसा रद्द झाल्याची ईमेल आली, तेव्हा मी आधी बॅग भरायला घेतली. कॉलेजनं माझा कोर्स मध्येच बंद केला होता आणि दुसरीकडे प्रवेश मिळेपर्यंत मुदत टळली होती. दारावर कोणी टकटक केली तरी मला न्यायलाच आले असं वाटे. आण्णांना फोन लावला. त्यांचा आवाज कापत होता. तसा तो मी कधीच ऐकला नव्हता. "हुकूम हाय न्हवं? मग ये घरी. तक्रार हितनं करू."

तिथल्या एका वकीलबाईंना हे सांगितलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला. देश सोडला तर परत येणं जवळजवळ विसरायचं. इथंच राहून लवादाकडे अपील करायचं आणि निकाल लागेपर्यंत तात्पुरत्या परवान्यावर दिवस काढायचे, बाहेर पाऊल टाकायचं नाही. हे मी आण्णांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "मग न्हाई पाळायचा. जन्मात पयल्यांदा सांगतोय." आईनं नंतर सांगितलं, एवढं बोलून ते मटकन खाली बसले, फोन तसाच कानाला.

अपील रेंगाळलं. मी ईमेलच्या आवाजाला भिऊ लागले आणि आण्णा माझ्या फोनला. बर्फात सीमेवर हिवाळे काढलेला माणूस रोज विचारायचा, "पोलीस आलं न्हाईत न्हवं? आतनं कडी लावलीस का?"

त्यातच त्यांना हृदयाचा झटका आला. कराडच्या दवाखान्यातून आईचा फोन आला तेव्हा मी रडत ओरडले, "मी येतेय. जाऊ दे ती डिग्री." त्यांनी आईच्या हातातून फोन घेतला. "यायचं न्हाई. ह्यो माझा हुकूम हाय."

मी पाळला. त्यांचं शेवटचं तोंडही मला दिसलं नाही. माझी तक्रार अजून तशीच आहे आणि ती ऐकून घेणारा माणूस उरलेला नाही.

निकालाची ईमेल आली तेव्हा ती उघडण्याआधी मी खुर्चीतून उठले. अपील मंजूर झालं होतं, व्हिसा परत मिळाला होता. आईला फोन लावला. माझं नाव बघूनच ती भेदरली असणार, कारण मी तोंड उघडण्याआधीच म्हणाली, "थांब गं. उभी ऱ्हाते."