साहेबांचं आडनाव आणि समोरच्या वहिनी

“आमचं मूळ आता शारजा!” कुणी गाव विचारलं, की समोरच्या वहिनी ओढणीला हात पुसत असं म्हणायच्या आणि हसायच्या. तुम्हाला ठाऊकच आहे, परदेशात मराठी माणूस भेटला की आपण आधी आडनाव विचारतो, मग गाव, मग कुलदैवत. विचारपूस म्हणे! वहिनींचं आडनाव गावावरून पडलेलं. त्यातून काही थांग लागत नसे.

नव्वदच्या दशकात शारजातल्या अल मजाज भागात आम्ही समोरासमोर राहत होतो. माझ्याकडचा गणपती म्हणजे खरा वहिनींचाच. उकडीचे मोदक त्यांनीच करायचे. माझी पारी फाटली की म्हणायच्या, “ताई, सोडा हो ते! तुम्ही आरतीचं बघा, यल्ला, चला!”

एका वर्षी आमच्या ह्यांच्या ऑफिसातले इंग्रज साहेब दर्शनाला आले. आडनाव टॅनर. सवयीने मी विचारलंच, “अर्थ काय हो त्याचा?” ह्यांनी ते इंग्रजीत विचारलं आणि साहेब खुलले. टॅनर म्हणजे कातडी कमावणारे. ओकच्या सालीच्या पाण्यात महिनोनमहिने कातडी भिजत घालायची. वास असा, की गावाने त्यांना पार खाली नदीकडे काढलेलं. दक्षिण इंग्लंडात टॅनर पैशाला पासरी. उत्तरेत हेच काम करणारे सालीवरून, म्हणजे ‘बार्क’वरून, बार्कर झाले. “माझ्या पणजोबांच्या लग्नात म्हणे पाहुणे नाक धरून जेवले!” आम्ही हसून हसून बेजार. आरतीला जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, “काय जुनी कला, नाही?”

आणि मोदक वाढता वाढता वहिनी बोलून गेल्या, “आमच्यात बाभळीची साल घालतात. माझे आजोबा हेच करायचे. गावाबाहेर, ओढ्याकडेला.”

हसू थांबलं. एकीने हातातला मोदक ताटलीत ठेवून दिला. ह्यांनी ते इंग्रजीत सांगताच साहेबांनी मात्र खुर्ची ओढून वहिनींना शेजारी बसवलं, आणि ह्यांना मध्ये घेऊन, किती दिवस भिजवायचं यावर दोघांचा वादच जुंपला. वहिनींना इतकं मोकळं बोलताना मी पहिल्यांदाच बघत होते.

पुढच्या वर्षी मीच त्यांच्या दारात गेले. “वहिनी, यंदा रोल्लाच्या बाजारातून पेढेच आणतेय. तुम्हाला उगीच दगदग. तुम्ही आपल्या नुसत्या दर्शनाला या.”

त्यांनी ओढणीला हात पुसले. “कोण काय म्हणालं, ताई?”

“छे! कुणी काही नाही.”

“म्हणजे तुम्हीच.” आवाज चढला नाही. “खलास मग.”

आदल्या वर्षी टॅनर साहेबांना मोदकांवर तूप मी चांदीच्या वाटीतून वाढलं होतं. हे सांगतानाही मान खाली जाते.

वहिनी आल्या नाहीत. साहेब आले, गणपतीला हात जोडले, इकडेतिकडे पाहिलं. “मॅडम कुठे?” ह्यांनी समोरच्या दाराकडे बोट दाखवलं. साहेब पेढाही न घेता बाहेर पडले. बेल वाजली, वहिनींचं “या, या” ऐकू आलं, दार लागलं.

त्याच वर्षी ते कुटुंब दुबईला गेलं. पुढे कुठे गेलं, हे विचारायला मला तोंड नव्हतं.

साहेब समोर गेले त्या दिवशी आरती चालू असताना मी हळूच दाराशी गेले होते. आमच्या दाराबाहेर चपलांचा ढीग. समोर, त्यांच्या पायपुसण्यावर, एकट्या साहेबांचे बूट.