झरीच्या घराची तपासणी

सेलूला जिनिंगच्या रस्त्यावर मी एक खोली भाड्याने घेतली आणि दारावर पाटी लावली: ‘घरांची तपासणी करून मिळेल’. लोक थांबून पाटी वाचायचे आणि तपासणी म्हणजे काय, असं विचारायचे. मी सांगायचो, जुनं घर विकत घेण्याआधी भिंती, छत, लाकूड बघून देतो, कुठं काय बिघडलंय ते सांगतो. ते हसून पुढं जायचे. एकाने तर देवघर कुठल्या कोपऱ्यात ठेवू, असं विचारलं.

थोरल्या भावाला माझा हट्ट पसंत नव्हता. औरंगाबादची एक फर्म हेच काम करायची आणि तालुक्याच्या गावी आपली पाटी लावायला द्यायची. नाव त्यांचं, शिक्का त्यांचा, कमाईत वाटा त्यांचा. मोठं नाव असलं की लोक ऐकतात, असं भाऊ म्हणायचा. पण पॉलिटेक्निकमधून मी नुकताच बाहेर पडलो होतो आणि मला पाटीवर माझंच नाव पाहिजे होतं.

त्याच पावसाळ्यात झरीच्या एका शेतकऱ्याच्या मुलीशी माझं लग्न ठरलं. सुपारी फुटली. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त धरायचा होता. मुलगी बारावी झालेली, कमी बोलणारी. आम्हाला दोघांना ओसरीवर बसवलं तेव्हा तिने विचारलं, “तुमी घराची नाडी बघता म्हणं?” मी हो म्हणालो. ती हसली, आणि तेवढ्या हसण्यावर माझे पुढचे कितीतरी दिवस छान गेले.

मग गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे लातूरकडे भूकंप झाला. आमच्याकडे नुसती भांडी वाजली, पण माणसं माळवदाच्या, जड मातीच्या छताच्या घरात झोपायला भिऊ लागली. हसून पुढं जाणारे लोक मला बोलवायला यायला लागले. ओळंबा, हातोडी, टॉर्च आणि एक टोकदार सळई पिशवीत घालून मी गावोगाव फिरायचो. झरीहूनही सांगावा आला. होणाऱ्या सासऱ्यांना आपला जावई काय काम करतो ते भावकीला दाखवायचं होतं. त्यांनी त्या दिवशी बैठकीत सतरंज्या अंथरल्या होत्या.

बाकीचं घर धड होतं. माजघराची मागची भिंत मात्र फुगली होती. तिच्यात रोवलेल्या तुळईच्या टोकावर हातोडी मारली, तर आवाज पोकळ आला. सळई लावली तर ती लोण्यात जावी तशी आत गेली आणि वाळवीचा भुगा माझ्या तोंडावर पडला. वर मातीचं सगळं ओझं त्याच तुळईवर होतं.

मी सासऱ्यांना म्हणालो, जरा बाजूला या. ते म्हणाले, इथं समदे आपलेच हायत, सांगा. मी सांगितलं. माजघरात कुणी झोपू नका, लगेच टेकू द्या, दिवाळीनंतर तुळई बदला.

मग भावकीतले एक म्हातारे पान चघळत म्हणाले की पाव्हण्याला लग्नात नवं घर पाहिजे दिसतंय. लोक हसले. सासरे हसले नाहीत. ते सतरंजीकडे बघत राहिले.

निघताना मुलगी रांजणापाशी माझ्या हातावर पाणी घालायला आली. तिने हळू विचारलं, “पडंल का?”

“कधी ते सांगता येत नाही. पण तुम्ही तिथं झोपू नका.”

“बरं,” ती म्हणाली.

आठवड्याने सासऱ्यांचे मेहुणे सेलूला आले. माणूस भला होता, त्याला स्वतःलाच अवघडल्यासारखं झालं होतं. निरोप असा की गावात फार बोलणं झालंय. तुम्ही एकदा झरीला या, चारचौघांत म्हणा की नीट बघितलं नव्हतं, घर चांगलं आहे. तेवढं म्हटलं की लग्न ठरल्याप्रमाणे होईल.

आई म्हणाली, म्हणून टाक बाबा. भाऊही तेच म्हणाला. मी झरीला गेलो. एसटीत बसून ते वाक्य मनात घोळवत होतो. मी ते म्हटलं असतं तर ती त्याच रात्रीपासून लग्न होईपर्यंत त्या तुळईखाली झोपली असती. दारात पोचलो आणि सासऱ्यांसमोर तोंडातून निघालं ते एवढंच, की मामा, टेकू मी माझ्या हातानं लावून देतो, कुणाला कळणारबी नाही.

ते म्हणाले, “ज्या घराला तुमी पडकं म्हणायलात, त्या घरातली लेक तरी कशाला नेता?”

मी उंबऱ्याबाहेरूनच परत फिरलो. ती दिसली नाही.

सुपारी परत आली. जानेवारीत विद्यापीठाच्या नामांतरावरून बंदोबस्त लागला, एसट्या कधी चालू कधी बंद. त्याच गडबडीत कुणीतरी सांगितलं की तिचं लग्न चुडावा गावाकडं जमलं. उन्हाळ्यात लग्न झालं. मी त्या दिवशी मानवतला एका कापूस व्यापाऱ्याचं घर बघत होतो. एकच भिंत दोन वेळा मोजली आणि दोन्ही वेळा आकडा विसरलो.

त्यानंतर मी फर्मची पाटी लावली. पहिल्याच दिवशी त्यांच्या माणसाने नियम समजावले. त्यात एक होता, नात्यातल्या माणसाचं घर आपण तपासायचं नाही, दुसऱ्या गावचा माणूस पाठवायचा. मी मान हलवली. त्याने पुढचा नियम वाचला.

दिवाळीच्या सुमारास परभणीच्या स्टँडवर तिची आई भेटली. मला वाटलं होतं, तोंड फिरवतील. त्या जवळ आल्या, धंदा कसा चाललाय विचारलं. मी न राहवून घराचं विचारलं.

“हाय तसंच हाय. टेकू न्हाई, काय न्हाई. पावसाळाबी काढला त्यानं.” मग पदर सारखा करत म्हणाल्या, “लेक मातुर लग्न होईस्तोवर ओसरीवरच झोपली. थंडीत कुडकुडायची, पर आत यायची न्हाई. बाप लय बोलायचा. ती मनायची, त्यांनी सांगितलंय.”

झरीची गाडी लागली. मी त्यांची पिशवी वर चढवून दिली. खिडकीतून त्यांनी मला विचारलं, कुठं जमलं का. मी नाही म्हणालो. जमंल, असं त्या म्हणाल्या, आणि गाडी सुटली.