मैदानाकडे पाठ

हे मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही : आमच्या कॉलेजच्या डायरेक्टर सरांची मला मनापासून किळस यायची, आणि तरी बारा वर्षं मी त्यांचाच माणूस म्हणून मिरवलो. डायरेक्टर म्हणजे खेळाचे. मी वणीच्या त्या कॉलेजात ऑफिसचा बाबू. संघांचे फॉर्म भरणं माझ्याकडे.

सर सामना मैदानाकडे पाठ करून बघत. रेषेजवळ प्लास्टिकची खुर्ची, पोटावर लोळणारी शिट्टी, समोर पाहुण्यांचा घोळका. मागे गलका झाला की मान वळवून म्हणत, "सांगतलं होतं ना मी त्याले!" काय सांगितलं होतं, कोणाला, हे कोणी विचारत नसे. फुटबॉलला त्यांचा पाय लागलेला मी एकदाच पाहिला. गाडीच्या चाकाआड आला म्हणून त्यांनी तो टाचेनं ढकलला होता.

"बाबू, मॅच कागदावर जिंका लागते," असं ते मला नेहमी सांगत. आणि मी मान डोलवत असे.

त्या हंगामात आमचा संघ खरंच चांगला होता, तो एकट्या प्रेम राठोडमुळे. केळापूरकडच्या तांड्यावरचा, विशीतला गडी. डावा पाय असा, की गोलकीपर चुकीच्या बाजूला आधीच पडलेला असायचा. पोलीस भरतीसाठी त्याला खेळाचं प्रमाणपत्र हवं होतं. पण विषय राहिल्यामुळे तो त्या वर्षी अपात्र होता. सरांनी तोड काढली : त्यानं सरांच्या भाच्याच्या, निखिलच्या नावावर खेळायचं. निखिलला जिना चढतानाही धाप लागे. "पुढच्या वर्षी तुह्या नावाचं सर्टिफिकेट पक्कं," सर म्हणाले. निखिलच्या फॉर्मवर प्रेमचा फोटो मी चिकटवला. शिक्काही मीच मारला, अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर.

गोल प्रेमनं मारले, पेपरात नाव निखिलचं छापून आलं. सरांनी ती कात्रणं लॅमिनेट करून केबिनमध्ये लावली.

उपांत्य सामन्यात समोरच्या संघानं हरकत घेतली. दुसऱ्याच्या नावावर खेळणारा पकडायची आमच्याकडे जुनी रीत आहे : रेफरी त्याला बाजूला घेऊन बापाचं नाव विचारतो. म्हणूनच सरांनी प्रेमकडून निखिलच्या वडिलांचं नाव आठ दिवस घोकून घेतलं होतं. प्रेम नुकताच गोल मारून आलेला, घामानं निथळत होता.

"नाव?" रेफरीनं विचारलं.

"निखिल."

"वडिलांचं?"

त्यानं बाहीनं तोंड पुसलं. मग मोठ्यानं म्हणाला, "हरिचंद राठोड."

संघ तिथल्या तिथे बाद. सर खुर्चीवरून उठले. "अबे, दोन मिनिटं दुसऱ्याले बाप म्हणता नाही आलं तुले?"

"नाव त घेतलं ना सर दुसऱ्याचं," प्रेम म्हणाला. "बाप कायले बदलू?"

चौकशी समितीपुढे सरांनी सांगून टाकलं, फोटो पोट्ट्यानंच बदलला. मग मला विचारलं गेलं. सर माझ्याकडे पाहतसुद्धा नव्हते, इतकी त्यांना माझी खात्री. मी म्हणालो, "फॉर्म माझ्या टेबलावर उघडाच पडला होता, साहेब." एवढंच. प्रेमवर बंदी आली आणि फसवणुकीचा शेरा मारून कॉलेजनं त्याचं नाव काढलं. पोलीस भरतीचा नाद त्यानं सोडला.

तो बाहेर व्हरांड्यात उभा होता. "बाबूजी, तुमी त खरं सांगतलं ना?"

"सांगितलं," मी म्हणालो.

सर सन्मानानं निवृत्त झाले. त्यांचं मानपत्र मी लिहिलं, 'खेळाडूंचे पितृतुल्य मार्गदर्शक' हे शब्दही माझेच. वाचताना माझी जीभ अडखळली नाही. सरांची किळस करता करता मी त्यांच्याहून वेगळा उरलो नव्हतो.

प्रेम आता कोळशाचा ट्रक चालवतो. रस्त्यात दिसलो की गाडी हळू करून म्हणतो, "बाबूजी, तुमी एकटे होते माह्या बाजूनं." मी हात वर करतो.

फोटो मी चिकटवला आणि समितीपुढे मी त्याच्या बाजूनं बोललो नाही, हे प्रेमला तोंडावर सांगायचं आणि कॉलेजला लेखी द्यायचं, एवढं मी अजून त्याचं देणं लागतो.