‘होतंय की’ म्हणणारा मिस्त्री

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमची लाल, बिनटपाची, दोन माणसांची जुनी मोटार मी विकली तेव्हा ती उत्तम चालत होती.

सात रस्त्याजवळचा मिस्त्री तिच्यामुळेच ओळखीचा झाला. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो डोळे मिटायचा, सगळ्यांना गप्प करायचा आणि म्हणायचा, “होतंय की.” वळसंगहून एकदा गाडी बैलांनी ओढत आणली, तर त्यानं आधी बैलांना पाणी पाजलं. मग म्हणाला, “होतंय की, सायेब.” कुठलीही गाडी त्यानं नाही म्हणून परत पाठवली नव्हती.

शेवटी त्यानं ती खरंच नीट केली. पण तोवर माझा धीर संपला होता; मला ती विकून टाकायची होती. गाडी बायकोची लाडकी, म्हणून घरी सांगितलं, “मिस्त्री म्हणतो, आता दुरुस्त होणार नाही.” ती तडक गॅरेजवर गेली. मागोमाग मी.

“काय हो मिस्त्री, तुम्हालाही जमत नाही?”

चहा पिणारे चार ड्रायव्हर ऐकत होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं, सावकाश हात पुसले.

“न्हाय वैनी. माज्यानं न्हाय व्हायचं.”

पुढे कितीतरी दिवस ते ड्रायव्हर त्याला विचारायचे, “मिस्त्री, पंक्चर तरी होतंय का?”

आता आमच्याकडे चार दारांची पांढरी गाडी आहे. ती कधीच बंद पडत नाही, त्यामुळे तिकडे जायला निमित्तही उरलेलं नाही.

‘गाडी त्यानं नीट केली होती,’ हे बायकोसमोर आणि त्या ड्रायव्हरांसमोर सांगण्याचं देणं मी त्याला अजून लागतो.