सात वाजताचे दोन मिस्ड कॉल

निलंग्याच्या स्टँडवर हैदराबादची गाडी लागली, तेव्हा अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, खिडकीशी येऊन नियम सांगितला. "रोज सकाळी सातला मिस्ड कॉल देते. दोनदा वाजलं की समदं ठीक हाय, उचलू नको. एकदाच वाजलं तर तू फोन कर." त्याला अकरा वर्षं झाली.

इथं मी एका प्रयोगशाळेत नोंदी ठेवतो. भूल दिलेल्या उंदराच्या मिशीला यंत्र पुन्हा पुन्हा हलका धक्का देतं आणि मेंदूतली एक पेशी किती धक्क्यांना उत्तर देते, ते मी मोजतो. भूल हलकी असली तर ती बहुतेक धक्क्यांना उत्तर देते. खोल असली तर पहिल्याला देते, दुसऱ्याला कमी, आणि चौथ्या-पाचव्यापर्यंत गप्प होते. म्हणून प्रत्येक ओळीत भुलीची खोली लिहावी लागते. ती मी आजवर एकदाही चुकवलेली नाही.

पहिल्या वर्षी सातचे दोन्ही कॉल मी फोन हातात धरून ऐकत असे. मग गीझर, डबे, मुलीची स्कूलव्हॅन. फोन वाजायचाच. मी मोजणं कधी सोडलं, ती तारीख माझ्याकडे नाही.

गेल्या श्रावणात एका मंगळवारी दहा चाळीसला फोन पाहिला. सात वाजून दोन मिनिटांनी आलेला एकच कॉल. लावला तर शेजारच्या सुमनमावशींनी उचलला. "आप्पा, तुझ्या अव्वा न्हाणीत पडल्यात. मी शेतावरून आत्ता आले, तवा कन्हणं ऐकू आलं."

तीन तास अडतीस मिनिटं.

लातूरला खुब्याचं ऑपरेशन झालं. बाहेर आणल्यावर नर्स हाका मारत होती आणि मी मोजत होतो. पाचव्या हाकेला पापणी हलली.

दुसऱ्या दिवशी विचारलं, फोन हातात होता, मग पुन्हा का लावला नाहीस?

"दुसऱ्यांदा वाजलं असतं तर तुला वाटलं असतं, समदं ठीक हाय," अव्वा म्हणाली. "म्हून वाट बघून राहिले."



आता सातला मीच फोन लावतो. ती वॉकर घेऊन ओसरीतून फोनपर्यंत येते, त्याला वेळ लागतो. गावात राहिलेल्यांपैकी किंवा माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांपैकी कुणीही विचारलं की तुझं घर कुठलं, तर मला नीट पत्ता सांगता येत नाही. पण सकाळी फोनवर चौथी घंटी होते, पाचवी होते, अजून कुणी उचललेलं नसतं. तेवढा वेळ मी घरी असतो.